किडनीतली पाण्याची गाठ साधी की कॅन्सरची, हे कशावरून ओळखायचं?

खानापूरकडच्या तुमच्या वडिलांच्या सोनोग्राफीत उजव्या किडनीत ४ सेंटीमीटरची पाण्याची गाठ दिसली, आत पडदे आहेत, आणि सुई घालून पाणी तपासायला द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात रेडिओलॉजिस्ट आहे. सुईची घाई करू नका. अशा पाण्यात पेशी फार थोड्या सापडतात, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी कॅन्सर नाहीच असं धरता येत नाही.

आकारावरही जाऊ नका. निपाणीकडच्या एका आजोबांची गाठ ९ सेंटीमीटरची होती, पण भिंत पातळ, आत निव्वळ पाणी. त्यांना काहीच करावं लागलं नाही. दुसऱ्या एकांची जेमतेम ३ सेंटीमीटरची, पण भिंतीला आतून तूरडाळीएवढा मांसल उंचवटा. सीटी करताना डाय (सीटीत पांढरं दिसणारं औषध) शिरेत गेल्यावर तो उजळला, आणि ऑपरेशनच करावं लागलं.

सगळं या उजळण्यावर आहे. सीटीत प्रत्येक जागेच्या घनतेचा एक आकडा मिळतो (हाउन्सफील्ड युनिटमध्ये); पाण्याचा शून्याच्या आसपास येतो. भिंत, पडदा किंवा उंचवटा यांचा आकडा आम्ही डायच्या आधी आणि नंतर त्याच जागी मोजतो. तो २० किंवा जास्त वाढला, तर तिथे रक्त पोचतंय, म्हणजे ते जिवंत मांस आहे. म्हणून डायआधीचा सीटी लागतोच. संकेश्वरच्या एका बाईंचा बाहेर केलेला सीटी फक्त डायनंतरचा होता. पडदे पांढरे दिसत होते, पण आधी किती होते ते कळेना. पुन्हा सीटी, पुन्हा खर्च, पुन्हा एक रोजगार बुडाला. मला फार वाईट वाटलं.

रिपोर्टमध्ये ‘बॉस्निअक’ शब्द शोधा. मॉर्टन बॉस्निअक या रेडिओलॉजिस्टनी १९८६ साली किडनीतल्या पाण्याच्या गाठींची ही वर्गवारी मांडली, २०१९ मध्ये ती सुधारली गेली. १ आणि २ असेल तर निर्धास्त राहा. २एफ म्हणजे नजर ठेवायची: ६ महिन्यांनी, वर्षाने, मग दरवर्षी, अशी ५ वर्षं. ३ मध्ये साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात, ४ मध्ये दहातल्या नऊ. तिथेही बहुतेकदा गाठीपुरताच भाग काढून किडनी वाचवता येते.

सीटीआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, आणि जुनी सोनोग्राफी असेल तर तीही बरोबर न्या. मधे लघवीतून रक्त गेलं तर मात्र तारखेची वाट बघू नका, बाबांना थेट यूरोलॉजिस्टकडे घेऊन जा.