परदेशात शिकवायचंय? आधी कपाटातली फाईल काढा

ताई, परदेशात शिकवायचं पंधरा वर्षं मनात जपलेलं स्वप्न बोलून दाखवलंत, फार बरं वाटलं. दादरच्या शाळेत सत्तर मुलांचा वर्ग सांभाळलात, ही मोठी जमा आहे. अवश्य निघा.

आधी एकच देश ठरवा. दहा ठिकाणी एकदम अर्ज पाठवणं ही नवख्यांची नेहमीची चूक, कारण प्रत्येक देशाची अट वेगळी. तुम्ही गणित शिकवता ना? मग इंग्लंड नक्की बघा. फेब्रुवारी 2023 पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना तिथल्या क्यूटीएस या अधिकृत शिक्षक-दर्जासाठी थेट अर्ज करता येतो.

मग कागदपत्रं. इथेच आपली माणसं अडकतात, मीही चार महिने अडकले होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, बी.एड.वर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं! विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आजच शोधा. पदवीचं साक्षांकन त्यानंतर.

एजंटबद्दल मात्र कडक राहा:

- ई-मायग्रेट या भारत सरकारच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी तपासा.
- सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. जास्त मागितले तर उठून या.
- मूळ प्रमाणपत्रं त्याच्याकडे ठेवू नका.

पगार, घरभाडं, करार यांचं नंतर बोलू. या रविवारी फक्त फाईल लावा आणि कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे, ते मला कळवा.