मिसळणाचा डबा म्हणजे मसाल्याचाच ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईने माळ्यावरून आजीचा पितळी डबा काढला, गोल, आत सात वाट्या, झाकणाला कडी-कोयंडा, आणि आई त्याला 'मिसळणाचा डबा' म्हणते. तर मिसळण हे मसाल्याचं जुनं मराठी नाव आहे का, मिसळ-पावशी त्याचं काही नातं आहे का, आणि 'मिसळणाचा' बरोबर की 'मिसळणीचा'?

मिसळीशी नातं आहे, पण चुलत. दोन्ही मिसळणे या क्रियापदातून आलेत, आणि मिसळणे आलं संस्कृत मिश्र, प्राकृत मिस्स या वाटेने. सरमिसळ, भेळमिसळ हे सगळं त्याच घरातलं. फक्त मिसळ म्हणजे मिसळून झालेला पदार्थ आणि मिसळण म्हणजे जे अजून मिसळायचंय ते.

ही -ण वाली नामं आपल्या स्वयंपाकघरात ढिगाने आहेत, दळण, वाटण, तळण, विरजण, झाकण, आणि गंमत म्हणजे सगळी एकाच तऱ्हेने चालत नाहीत. वाटण हे वाटून झाल्यावरचं, तळण तळल्यावरचं. पण 'जा रे दळण टाकून ये' म्हणतो तेव्हा पिशवीत अख्खे गहूच असतात ना, गिरणीचं तोंडही न बघितलेले, तरी ते दळणच. विरजण तर त्याहून जवळचं उदाहरण, वाटीच्या तळाशी राखून ठेवलेलं चमचाभर दही, ज्याची स्वतःची ओळख काही नाही, दुधात घालायचंय म्हणून ते विरजण. मिसळण याच जातीतलं. हळद, तिखट, हिंग, मोहरी, जिरं, मेथ्या, धनेपूड, यातलं एकही आपण नुसतं खात नाही, भाजी-आमटीत घालण्यासाठी हाताशी लागतं ते मिसळण.

आणि म्हणूनच ते मसाल्याचं जुनं नाव वगैरे नाही. मराठी घरात 'मसाला संपला' म्हटलं की कुणी मोहरीची वाटी बघत नाही, मसाला म्हणजे गोडा, काळा, मालवणी, जो कुणाकडून तरी कुटून आणलेला असतो आणि चिनी मातीच्या नाहीतर काचेच्या बरणीत दादरा बांधून वर्षभर ठेवतात. तो मुळात या डब्यात राहायलाच नसतो, फार तर आठवड्यापुरता एका वाटीत येतो. मसाला हा शब्द अरबी मसालिह वरून फारसीमार्गे आलाय, मूळ अर्थ साधारण एखादी गोष्ट सुधारणारं सामान, त्यामुळे हिंदीत जिऱ्यापासून गरम मसाल्यापर्यंत सगळंच त्यात बसतं. आपल्याकडे तो आकसून तयार मिश्रणापुरता उरला. आता जाहिराती नि ऑनलाइन दुकानांमुळे 'मसाल्याचा डबा' सगळीकडे झालाय, चूक नाही म्हणणार मी, पण मला तो जरा ढिला वाटतो.

शेजारी काय म्हणतात तेही बघण्यासारखं आहे. गुजरातीत मसालियुं, म्हणजे थेट आतल्या मालावरून, हिंदीत मसालदान, त्यातलं ते फारसी दान म्हणजे आपल्या अत्तरदाणी-चहादाणीतलंच. तमिळमध्ये अंजरै पेट्टी, शब्दशः पाच खणांची पेटी. आपल्या पूजेतलं पंचपाळंही असंच वाट्या मोजून नाव पडलेलं. मराठीने मात्र ना माल बघितला ना खण, त्या सामानाचं काम बघितलं.

'णाचा' की 'णीचा' हा फक्त लिंगाचा मामला आहे. मिसळण नपुंसकलिंगी धरलं की दळण-दळणाचं तसं मिसळणाचा, स्त्रीलिंगी धरलं की चाळण-चाळणीचा तसं मिसळणीचा. दोन्ही ऐकू येतात, दोन्ही चालतात, यावरून भांडू नका. शिवाय पुष्कळ घरांत सरळ तिखटमिठाचा डबा किंवा फोडणीचा डबा म्हणतात, आणि कोल्हापूर-साताऱ्याकडे कांदा-लसणाच्या तिखटालाच चटणी म्हणत असल्याने तिकडची हाक वेगळी, त्यांना मिसळण म्हणालात तर एकदम झणझणीत मिसळच डोळ्यासमोर येईल.

तिखटमिठाचा म्हणतात खरं, पण जुन्या पितळी डब्यात मीठ सहसा नसे. मीठ ओल धरतं आणि धातू खातं, पितळेला हिरवट डाग पडतात, म्हणून ते वेगळं, लाकडाच्या, दगडाच्या नाहीतर चिनी मातीच्या भांड्यात. स्टीलच्या डब्यातसुद्धा मिठाच्या वाटीला बुडाशी बारीक टोचे पडलेले असतात, बघा एकदा. हिंगही उघडा नसे, त्याची झाकणाची डबी त्या वाटीतच बसवलेली, नाहीतर जिऱ्यालाही हिंगाचा वास. आणि सातच वाट्या का, तर एका गोल वाटीभोवती त्याच मापाच्या बरोबर सहा वाट्या एकमेकींना चिकटून बसतात, पाच ठेवल्या तर फट राहते, सातवी शिरत नाही, त्यामुळे डबा हलवला तरी वाट्या फिरत नाहीत. पण वाट्यांना आपापली झाकणं नसतात, डबा जरा तिरका धरून उचलला की मोहरी हळदीत आणि हळद जिऱ्यात, म्हणजे नाव अगदी सार्थ!

तुमचा डबा मात्र मोडीत घालू नका. स्टील आलं तेव्हा कितीतरी घरांतलं पितळ असंच वजनावर गेलं आणि आता तेच 'व्हिंटेज मसाला बॉक्स' म्हणून मोठ्या किमतीला विकतात. डब्याच्या बुडाशी किंवा काठाला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि तारीख असेल, कुणाच्या लग्नात कुणी दिला ते, चिंचेने घासलंत की वाचता येईल. दुसरा हवा असेल तर ऑनलाइन मिसळण टाइप करून फारसं काही हाती लागणार नाही, तिथे मसाला बॉक्सच लिहा, पण पुण्यात तांबट आळीकडे किंवा कुठल्याही जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारताना मिसळणाचा डबाच म्हणा, गल्ल्यावर आजोबा बसलेले असतील तर पुढे काही सांगायला लागणार नाही.