गोचीड काढली, रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता पुढचा महिनाभर काय पाहायचं

ट्रेकहून आल्यावर गुडघ्यामागे चिकटलेली गोचीड तुम्ही काल काढली, आज रक्त तपासलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्या भागात लाइम, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार, आढळतो हेही तुम्ही लिहिलंय. म्हणून स्पष्ट सांगते, या रिपोर्टवर विसंबून राहू नका. ही तपासणी जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. इतक्या लवकर केलेली तपासणी निगेटिव्हच येणार.

आधी डॉक्टरांना आजच फोन करा. लाइम पसरवणाऱ्या जातीची गोचीड 36 तास किंवा जास्त वेळ चिकटून होती अशी शक्यता असेल, तर ती काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. चिकटल्यावर लाइमचा बोरेलिया जंतू आपल्या अंगात शिरायला सहसा एक दिवसाहून जास्त वेळ लागतो, म्हणून "किती वेळ चिकटली होती" हा प्रश्न महत्त्वाचा. रक्त पिऊन टम्म फुगलेली होती की चपटी, ते आठवून सांगा.

त्यानंतर त्वचेवर लक्ष ठेवा. चट्टा 3 ते 30 दिवसांत कधीही उठू शकतो. पहिल्या एक-दोन दिवसांत चाव्याच्या जागी येणारा छोटा लाल फोड वेगळा, तो आपोआप बसतो. लाइमचा चट्टा दिवसागणिक पसरतो, 5 सेंटिमीटरच्या पुढे जातो, बहुतेकदा खाजत नाही की दुखत नाही. फोटोंत दिसतं तसं वर्तुळात वर्तुळ असेलच असं नाही. पुष्कळदा नुसता सलग लाल डाग असतो आणि सावळ्या त्वचेवर तो जांभळट दिसू शकतो. माझ्या नवऱ्याचा असाच होता, काखेत, आणि मी पेनने कडेला रेघ मारून ठेवली म्हणून पसरतोय हे कळलं. तुम्हीही तसंच करा, रोज फोटो काढा. असा चट्टा असेल तर तपासणीची वाट न पाहता उपचार सुरू करतात: डॉक्सीसायक्लिन 10 दिवस, किंवा अमॉक्सिसिलिन 14 दिवस. गरोदर असाल तर ते आधीच सांगा.

चट्टा सगळ्यांनाच येत नाही. ताप, अंगदुखी, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, धडधड किंवा चक्कर, नंतर गुडघा सुजणं, यातलं काहीही दिसलं तर चाव्याची हकिगत डॉक्टरांना आवर्जून सांगा. चेहरा लुळा पडला किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली तर थेट इस्पितळ गाठा.

उपचारानंतरही काहींना थकवा आणि दुखणं महिनोनमहिने राहतं. ते खरं असतं, कुणी "मनाचे खेळ" म्हणालं तर ऐकू नका. पण महिनोनमहिने अँटिबायोटिक देणाऱ्यांपासूनही दूर राहा. त्याने फायदा होत नाही हे चाचण्यांतून दिसलंय, अपाय मात्र होतो.

पुढच्या वेळी पूर्ण पँट, मोज्यात खोचलेली. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक, त्वचेवर डीट हे किडे दूर ठेवणारं औषध. पर्मेथ्रिन अंगाला लावायचं नाही. परतल्यावर कपडे ड्रायरमध्ये कडक गरम हवेत 10 मिनिटं फिरवा आणि अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी, केसांची मुळं चाचपा. गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, सहज नजरेतून सुटतात. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलिन, पेटती काडी, यांतलं काहीही नको.