आजी, आपला डोंगर कोणता?

‘वाईला ३२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मंडईत गेलं की दहा जण “बाई, बऱ्या आहात ना?” म्हणायचे. आता न्यूझीलंडला, हॅमिल्टनमध्ये मुलाकडे असते. सगळे चांगले वागतात, तरी वाटतं, इथे मी कुणीच नाही. हा कृतघ्नपणा का? परवा नातवाने शाळेतून येऊन विचारलं, “आजी, आपला डोंगर कोणता? नदी कोणती?” आणि मला रडूच कोसळलं.’

बाई (मीही बाईच म्हणणार),

कृतघ्नपणा कसला? वेळेवर ताट समोर येतं म्हणून हाक मारणारं कुणी नको, असं थोडंच असतं!

नातवाने विचारलं ते न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांचं ‘पेपेहा’. ओळख सांगताना ते आधी आपला डोंगर सांगतात, मग नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, जमात. स्वतःचं नाव अगदी शेवटी. आपल्याकडे नव्या सुनेला बायका आधी ‘माहेर कुठलं गं?’ विचारतात, तसंच. आणि बघा, त्यांच्या भाषेत ‘वाई’ म्हणजे पाणी, आणि ‘कोण’ यालाही ‘वाई’च. ‘को वाई कोए?’ म्हणजे ‘तू कोण?’ हे वाचून मला तर तुमचीच आठवण झाली.

आणखी एक सांगते. शाळेत माओरी बोललं की मार मिळायचा, त्यामुळे मधल्या पिढीची ती भाषा सुटत गेली. मग १९८२ मध्ये ‘कोहंगा रेओ’, म्हणजे भाषेचं घरटं, या नावाच्या बालवाड्या सुरू झाल्या. तिथे आजी-आजोबांनी तान्ह्या पोरांशी फक्त माओरीत बोलायचं. १९८७ मध्ये ती देशाची अधिकृत भाषा झाली. जुन्या माणसांच्या तोंडी भाषा उरली होती म्हणून हे जमलं, बाई. तुमच्या घरात आज अस्खलित मराठी दिवसभर कोण बोलू शकतं?

तेव्हा नातवाला सांगा : डोंगर पांडवगड, नदी कृष्णा. घाटाच्या पायऱ्या, पुराचं पाणी, सगळं सांगा. रविवारी त्याला घेऊन वायकाटो नदीवर जा. तिला ‘माझी’ म्हणू नका, तिथले लोक तिला पूर्वज मानतात. ‘हिच्या काठी मी राहते’ एवढं म्हणा. त्याच्या शाळेतल्या बाईंनाही भेटा, ३२ वर्षं काय केलंत ते सांगा.

आणि आज संध्याकाळीच वही काढा. ‘कृष्णा’ त्याच्याच हातून लिहून घ्या. ‘ष्ण’ अडेल त्याला. मग हात धरून गिरवून घ्यायचं, तुम्हाला मी काय सांगणार!