कीटकांच्या पेटीच्या स्वच्छतेसाठी स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडावेत का?

काडीकिड्यांच्या काचपेटीत विष्ठा आणि पेरूच्या पानांचे तुकडे साचून मातीवर पांढरी बुरशी येते, तर तेथे स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडल्यास पेटी स्वच्छ राहील का, असे तुम्ही विचारले आहे. मी आठ वर्षांपासून काडीकिडे आणि प्रार्थना कीटक पाळतो. माझे मत असे की, स्प्रिंगटेल निःशंकपणे सोडावेत. आयसोपॉड मात्र खाली पडलेली अंडी तुम्ही नियमाने वेचणार असाल तरच सोडावेत.

स्प्रिंगटेल हे एक-दोन मिलिमीटर लांबीचे, सहा पायांचे जीव आहेत. पूर्वी त्यांना कीटकांतच धरत असत, आता त्यांचा वर्ग वेगळा मानतात. पोटाखाली दुमडून ठेवलेला दुभंगलेला अवयव झटक्याने सोडून ते उडी घेतात. बुरशीचे तंतू आणि कुजके सेंद्रिय पदार्थ हे त्यांचे अन्न असल्यामुळे विष्ठेच्या कणांवर बुरशीची लव धरू लागली की ते तेथेच गोळा होतात. जिवंत काडीकिड्याला, नुकत्याच कात टाकलेल्या मऊ पिल्लाला किंवा अंड्याला त्यांनी इजा केल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही.

ते विकत एकदाच घ्यावेत आणि पुढे घरीच वाढवावेत. झाकणाच्या डब्यात लोणारी कोळशाचे धुतलेले तुकडे भरून तळाशी अर्धा सेंटिमीटर पाणी ठेवावे आणि आठवड्यातून एकदा तांदळाचे चार-पाच दाणे टाकावेत. दाण्यांवर बुरशी येते आणि हे जीव तिच्यावर चरतात. महिन्याभरात कोळशाचे काळे तुकडे पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले दिसतात. त्या वेळी डब्यात आणखी थोडे पाणी ओतले की, त्यांच्या अंगाला पाणी चिकटत नसल्याने, सगळे पिठाच्या थरासारखे वर तरंगतात. तेवढे पाणी अलगद पेटीतील मातीवर ओतले की काम झाले. हे दृश्य मी आजही दर वेळी थांबून पाहतो.

आयसोपॉड कीटक नव्हेत. ते खेकडा आणि कोळंबी यांच्या कुळातले, जमिनीवर आलेले जीव आहेत. पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी ते श्वास घेतात, म्हणून ओलावा संपला की ते मरतात. कुंडी उचलल्यावर खाली जे करडे, चपटे प्राणी पळताना दिसतात, ते बहुधा हेच. मात्र आपल्या सह्याद्रीत गोळी होऊन पडणारे पैसा किडेही आढळतात आणि नवखा माणूस त्यांनाच आयसोपॉड समजतो. आयसोपॉडला पायांच्या सातच जोड्या असतात, पैसा किड्याला कितीतरी अधिक. आयसोपॉड कात दोन भागांत टाकतो, आधी मागची आणि नंतर पुढची. तेव्हा अर्धे अंग पांढुरके दिसले तर तो आजारी आहे असे समजू नये.

जाती निवडताना आकार आणि भूक पाहावी. ट्रायकोऱ्हिना टोमेंटोसा ही बुटकी पांढरी जात मातीतच राहते आणि नराविना वाढते. सफाईसाठी मी तीच सुचवीन. पॉर्सेलिओ लेव्हिससारख्या मोठ्या जाती पालापाचोळा भराभर संपवतात, परंतु त्यांना प्रथिनांची ओढ फार असते. तिसऱ्या वर्षी मी त्या काडीकिड्यांच्या पेटीत सोडल्या. एका सकाळी कात टाकताना खाली पडलेले पिल्लू मला सापडले. त्याचे दोन पाय कुरतडलेले होते. त्यानंतर माती चाळली, तेव्हा बियांसारख्या दिसणाऱ्या अंड्यांपैकी बरीचशी पोखरलेली निघाली. दोष त्या प्राण्यांचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. काडीकिडे अंडी सरळ जमिनीवर टाकतात, त्यामुळे हा धोका त्यांच्या पेटीत इतरांपेक्षा अधिक आहे.

हे जीव कचरा नाहीसा करत नाहीत, त्याचे खत करतात, आणि तेही सावकाश. मेलेला मोठा किडा, सडलेले फळ आणि वाळलेल्या फांद्या तुम्हालाच काढाव्या लागतील. जाळीचे झाकण नसेल आणि हवा कोंडत असेल, तर हजार स्प्रिंगटेलही बुरशी आवरू शकणार नाहीत. मे महिन्यात माती सुकली तर ते मरतात, आणि पावसाळ्यात तुम्ही रोज फवारा मारत राहिलात तर माती चिखल होऊन आंबते. म्हणून मातीचा एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा ठेवावा. त्यांना स्थिरावायला वेळ लागतो. नवी पेटी असेल तर मुख्य कीटक सोडण्यापूर्वी तीन-चार आठवडे आधी त्यांना सोडावे. देशी बदाम, आंबा किंवा फणसाची वाळकी पाने उकळत्या पाण्यातून काढून मातीवर पसरावीत आणि आयसोपॉडसाठी समुद्रफेसाचा एक तुकडा ठेवावा.

कीटकनाशकाबाबत मी आग्रहाने सांगतो. फोल्सोमिया कँडिडा या स्प्रिंगटेलचे प्रजनन घटते का, यावरून मातीतील विषारी द्रव्ये तपासण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये आले, यावरून हे जीव किती नाजूक आहेत ते लक्षात येईल. फवारलेल्या झाडाची पाने पेटीत घालू नयेत, तसेच त्या खोलीत डासांची अगरबत्ती लावू नये आणि झुरळांचा खडू वापरू नये.

अभयारण्यातून माती किंवा पाचोळा उचलू नये, आणि विकत घेतलेले परके आयसोपॉड बागेत सोडू नयेत. झुरळांच्या कोरड्या पेट्यांत काही जण अल्फिटोबियस हे भुंगे ठेवतात. ते थर्माकोल पोखरतात, कोंबड्यांच्या शेडमध्ये उपद्रव करतात आणि ओलसर पेटीत त्यांचा उपयोगही नाही; तुम्ही ते घेऊ नका.

वर्षातून एकदा माती बदलताना अंडी वेचून घ्यावीत आणि निम्मीच माती काढावी. उरलेल्या निम्म्या मातीत या जिवांची पिल्ले असतात. नव्या मातीत ती सुमारे महिन्याभरात पसरतात.