एम्बोलस म्हणजे गुठळी नव्हे

प्रश्न असा आहे: 'काकांच्या अंगावरून वारं गेलं. कागदांवर कारण म्हणून "कोलेस्टेरॉल एम्बोलाय" लिहिलंय. मराठीत कोलेस्टेरॉलच्या गुठळ्या म्हणावं का?'

नाही, अजिबात नाही! रक्तवाहिनीत अडकेल ते सगळं 'गुठळी', हे ऐकून ऐकून कान किटले. गुठळी रक्ताची होते आणि तिच्यासाठी थ्रॉम्बस हा वेगळा शब्द आहे. एम्बोलस म्हणजे वाहत येऊन पुढे कुठेतरी अडकलेलं काहीही. मग ती सुटून निघालेली गुठळी असो, हाड मोडल्यावर रक्तात शिरलेली चरबी असो, नाहीतर हवेचा बुडबुडा. काकांच्या बाबतीत ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक. महाधमनीच्या किंवा मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थर फुटतो, कधी आपसूक, कधी अँजिओग्राफीची नळी घासून किंवा शस्त्रक्रियेत धक्का लागून. त्यातले स्फटिक मेंदूच्या बारीक धमन्यांत जाऊन बसतात. 'कोलेस्टेरॉल वाढलं, त्याचीच रक्तात गुठळी झाली' हेही चूक. रक्तात प्रथिनांबरोबर फिरणारं कोलेस्टेरॉल असं वाटेत गोठत नाही.

असो. खरी गंमत शब्दात आहे. ग्रीक 'एम्बोलोस' म्हणजे पाचर, दट्ट्या. 'एन' म्हणजे आत आणि 'बालेन' म्हणजे फेकणं. याच 'बालेन'ची पोरं म्हणजे प्रॉब्लेम, सिंबॉल, पॅराबोला आणि मेटाबोलिझमसुद्धा. रक्तवाहिन्यांसाठी एम्बोलस हा शब्द जर्मन डॉक्टर रुडोल्फ फिर्खोनं 1840च्या दशकात रुळवला. पण इंग्रजीत एम्बोलिझम (आजच्या अर्थानं एम्बोलस अडकणं) हा शब्द त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होता, आणि त्याचा अर्थ काय होता? पंचांगात जादा दिवस घालणं! ज्यूंच्या पंचांगातल्या तेरा महिन्यांच्या वर्षाला इंग्रजीत आजही 'एम्बोलिस्मिक' वर्ष म्हणतात. 19 वर्षांत अशी सात येतात. म्हणजे सरळसरळ आपला अधिकमास, 2023मध्ये श्रावणात आला होता तसा.

आणि अधिकमासाला आपण काय म्हणतो? धोंडा! जावयाला पुरणाचे धोंडे वाढतात म्हणून महिना धोंड्याचा, ही व्युत्पत्ती मला कधीच पटलेली नाही. नाव आधी महिन्याला पडलं आणि मग पक्वान्नाला, असं माझं ठाम मत. चैत्र-वैशाखाच्या ओळीत मध्येच येऊन बसलेला, लग्नमुंजी अडवणारा महिना धोंडा नाही तर काय? ग्रीकांना पाचर दिसली, आपल्याला धोंडा. पुरणवाल्या पंडितांनी जावयांची पानं जरा बाजूला सारून विचार करावा.

प्रतिशब्दाचं म्हणाल तर हिंदी परिभाषेतला 'अंतःशल्य' मराठीत आणू नये. शल्य म्हणजे रुतलेला, सलणारा काटा. मेंदूतला एम्बोलस बहुधा सलतही नाही; वाचा जाते, हात पडतो. आपल्याकडे 'अंतर्कीलन' आहे, त्यात कील म्हणजे खुंटी, पाचर, थेट ग्रीक अर्थ. तो सोडून शल्य कवटाळणाऱ्यांनी एकदा कोश उघडावा. बोलताना 'कोलेस्टेरॉलचे स्फटिक अडकले' एवढं पुरे.

आणि हो, 'एम्बोलाय' हे अनेकवचन आहे. 'काकांना एम्बोलाय झाला' म्हणू नका.