कंपन्यांच्या सहभागाने आखलेलं बी.व्होक. मुलीला घेऊ द्यावं का?

तुम्ही विचारलंय की बडोद्यात मुलीला सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटच्या बी.व्होक.ला, म्हणजे तीन वर्षांच्या व्यवसाय-शिक्षणाच्या पदवीला, प्रवेश मिळतोय, माहितीपत्रकात 'उद्योगांच्या सहभागातून तयार केलेला अभ्यासक्रम' असं छापलंय, तर त्यावर कितपत विसंबावं.

मी अलकापुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नवी मुलं निवडतो आणि एका स्वायत्त, म्हणजे आपला अभ्यासक्रम आपणच ठरवणाऱ्या, कॉलेजच्या अभ्यासमंडळावर (अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीवर) उद्योगांचा प्रतिनिधी आहे. छापलेल्या त्या ओळीला मी फारशी किंमत देणार नाही. स्वायत्त कॉलेजच्या अभ्यासमंडळावर उद्योगक्षेत्रातला एक माणूस असावा, हा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियमच आहे, म्हणजे 'सहभाग' अशा सगळ्या कॉलेजांकडे असतोच. कॉलेज स्वायत्त नसेल, विद्यापीठाशी नुसतं संलग्न असेल तर अभ्यासक्रम ठरवतं विद्यापीठ. अशा कॉलेजने कंपनीशी करार केला तरी त्यातून फार तर एखादा जोडकोर्स आणि शाल-श्रीफळाचा फोटो निघतो. मुलांचं काम कंपनीतली माणसं तपासतात का आणि त्याचे गुण मार्कशीटवर येतात का, हे विचारा.

बी.व्होक.ची मूळ योजना वाईट नाही. यूजीसीने ती २०१४ साली आणली: साधारण ६० टक्के भाग कौशल्याचा, ४० टक्के सामान्य शिक्षणाचा, एका वर्षानंतर डिप्लोमा, दोन वर्षांनंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. घरच्या अडचणीमुळे मधेच थांबावं लागलं तरी मुलीच्या हातात काहीतरी कागद राहतो.

अडचण येते ती साठ टक्क्यांत काय भरायचं याची. बैठकीत कंपनीवाले आपापलं गाऱ्हाणं मांडतात: आमच्याकडे अमुक फ्रेमवर्क (प्रोग्रॅम लिहायचा तयार सांगाडा) चालतं, तेच शिकवा, म्हणजे मुलगा पहिल्या दिवसापासून कामाला लागेल. प्राध्यापक नाक मुरडतात, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. कंपनी उद्याच्या प्रोजेक्टपुरतं बघते, पदवी मुलीला जन्मभर वापरायची असते. डेटाबेस, नेटवर्क, डेटा स्ट्रक्चर या पायाभूत विषयांना कात्री लावून कोणाचं टूल घुसवलेलं दिसलं, तर तो अभ्यासक्रम नव्हे, फुकटात करून घेतलेलं ट्रेनिंग.

कंपनीने हट्ट धरावा तो वेगळ्या गोष्टीसाठी. आमच्याकडे येणारी मुलं कोड बरा लिहितात, पण बगची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीची, नोंद लिहितात ती अशी: 'बिल चुकीचं येतंय.' एवढ्यावर कोण काय दुरुस्त करणार? तीच नोंद अशी हवी: 'हजार-हजार रुपयांच्या दोन वस्तू टाकल्या, जीएसटी १८ टक्के. एक वस्तू काढून टाकली. बिल १,१८० यायला हवं होतं, १,३६० आलं.' वाचताक्षणी कळतं की माल एकाचा धरलाय आणि कर दोघांचा. असं लिहायला वर्गात एक धडा वाचून येत नाही. रोज हेच काम करणाऱ्याने नोंद दोन-चारदा परत पाठवावी लागते. दुसऱ्याचा जुना कोड वाचणं, गिटमध्ये (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोघांचे बदल एकमेकांवर आदळले की ते सोडवणं, याचंही तसंच. आमच्या मंडळात बऱ्याच वादावादीनंतर दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचे काही गुण या नोंदींना मिळाले. प्राध्यापकांचा आक्षेप होता की बाहेरच्या माणसाने गुण द्यायचे म्हणजे जबाबदारी कोणाची? रास्त प्रश्न होता. शेवटी प्राध्यापक आणि कंपनीतला माणूस, दोघांनी सही करायची असं ठरलं.

बडोद्याला हे सगळं नवं नाही, हे जाता जाता. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते धंद्याचं शिक्षण देण्यासाठीच, आणि भारतातलं पहिलं कौशल्य विद्यापीठ म्हणवणारं टीमलीज स्किल्स युनिव्हर्सिटीही २०१३ पासून आपल्या तरसालीतच आहे.

आता अप्रेंटिसशिपचं, म्हणजे कंपनीत काम करत शिकायच्या उमेदवारीचं. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे, आणि एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेत ठरलेल्या किमान स्टायपेंडचा (विद्यावेतनाचा) निम्मा भाग केंद्र सरकार देतं. त्यामुळे 'आम्हाला परवडत नाही' हे कारण फारसं टिकत नाही. किती महिने, कोणती कंपनी, योजनेच्या सरकारी पोर्टलवर करार नोंदवला जातो का, हे लेखी मागा. साठ मुलांचा वर्ग आणि यादीत दोनच छोट्या कंपन्या असतील तर गणित जमत नाही. आमच्यासारख्यांकडे एका वेळी दोन-तीन मुलांनाच धड शिकवता येतं. बाकीची मुलं मग कोपऱ्यात बसून एक्सेल भरतात.

कॉलेजवाल्यांना विचारण्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये गाठा, दहा मिनिटांत खरं काय ते कळेल.

पुढे एमसीए (कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी) करायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच बघून ठेवा. बी.व्होक. ही यूजीसीमान्य पदवी आहे, पण एमसीएला प्रवेश देताना गणिताची अट प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. मुलीने बारावीला गणित घेतलेलं नसेल, तर जिथे एमसीए करायचं मनात आहे तिथले नियम वाचूनच इथली फी भरा.